पोरीचा नंबर लागला, आता फीचं काय?

जुलैचा दुसरा आठवडा असेल. डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, सुरू होती, आभाळ भरून आलेलं. घाटंजीकडच्या एका खेड्यातला कास्तकार माझ्या केंद्रात आला. अंगावर वावरातलेच कपडे, पायजम्याला चिखल. खताच्या गोणीची शिवलेली पिशवी त्यानं काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "भाऊ, पोरीचा नंबर लागला अमरावतीले. कालेजवाले म्हन्ते पह्यले पैसे भरा, मंग पाहू. आता डवरनीचे दिवस, घरात बियान्याचीच उधारी हाय. कुठून आनू?"

पिशवीतून एकेक कागद निघाला. दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसीची झेरॉक्स, जातीचा दाखला, रेशनकार्ड, दोन वर्षांपूर्वीचा उत्पन्नाचा दाखला, आणि तळाशी कृषी केंद्राची उधारीची चिठ्ठी. पोरगी मागे उभी होती. इंजिनीअरिंगचं अलॉटमेंट लेटर तिच्या मोबाइलमध्ये होतं आणि ती ते दर दोन मिनिटांनी उघडून बघत होती.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. जुलै ते सप्टेंबर माझ्याकडे रोज अशा चार-पाच पिशव्या येतात. मागे रांग असते, त्यामुळे एकालाही सगळं नीट सांगून होत नाही. जे तिथं अर्धवट राहतं ते इथं पूर्ण लिहितो.

पैसा आहे, पण तो मागाहून येतो

आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी की शिष्यवृत्ती म्हणजे फी भरायला मिळणारी रक्कम. प्रत्यक्षात प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतो, अर्ज पावसाळ्यात भरला जातो, कॉलेज तो तपासतं, मग संबंधित खातं मंजूर करतं, आणि पैसे पुढच्या वर्षी कधीतरी खात्यात पडतात, तेही बहुधा दोन हप्त्यांत. कापसाचा पहिला वेचा सीतादहीनंतर, म्हणजे वेचणीच्या आधीच्या पूजेनंतर, घरी येतो, शिष्यवृत्ती त्याच्याही मागून. म्हणून घरातल्या माणसांनी आधीच ठरवून घ्यावं की पहिल्या चार-सहा महिन्यांचा बसपास, मेस, खोलीभाडं आणि पुस्तकं यांचे पैसे कुठून येणार. शिष्यवृत्तीच्या भरवशावर खोलीचं डिपॉझिट देऊ नका.

फीचं मात्र वेगळं आहे. शिष्यवृत्तीला किंवा फ्रीशिपला (म्हणजे फक्त फीच्या सवलतीला) पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून, ज्या शुल्काची भरपाई सरकार करणार आहे ते शुल्क प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, अशा सूचना सरकारनं कॉलेजांना वेळोवेळी दिल्या आहेत. तरी काउंटरवरचा बाबू आधी पूर्ण फीच सांगतो. अशा वेळी भांडत बसू नका. प्राचार्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा: मी अमुक योजनेला पात्र आहे, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला जोडला आहे, योजनेत न येणारं शुल्क भरायला तयार आहे, उरलेल्या शुल्कासाठी हमीपत्र देतो. त्या अर्जाची पोच घ्या. तोंडी विनवणीला "नियम नाही" असं उत्तर मिळतं. पोच मागितली की माणूस जरा विचार करून बोलतो, हे मी बरेचदा पाहिलं आहे.

कोणत्या खात्याचा पैसा?

महाडीबीटी हे राज्याच्या शिष्यवृत्त्यांच्या अर्जांचं एकच संकेतस्थळ असलं तरी त्याच्यामागे बरीच सरकारी खाती आहेत, आणि तुमचा अर्ज जातीच्या प्रवर्गावरून आणि कोर्सवरून त्यांतल्या एकाकडे जातो. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांचा सामाजिक न्याय विभागाकडे. अनुसूचित जमातीचा आदिवासी विकासकडे, म्हणजे आपल्या भागात पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयाकडे, मेळघाटात धारणीला, तिकडे गडचिरोलीत अहेरी-भामरागडला. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाचा इतर मागास बहुजन कल्याणकडे. खुल्या प्रवर्गातल्या गरीब घरच्या पोरांचा उच्च किंवा तंत्रशिक्षण संचालनालयाकडे. पैसे अडले तर चौकशी कुठं करायची हे यावरून ठरतं. चुकीच्या कार्यालयात महिनाभर खेटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत.

अनुसूचित जाती-जमातीच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीसाठी आईवडिलांचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांच्या आत हवं. फीसोबत थोडा निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप म्हणून वेगळी योजना आहे. तिच्यात फी मिळते, भत्ता नाही. ओबीसी मुलांना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. खुल्या प्रवर्गातल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तीही निम्म्या शुल्काची.

मुलींचं गणित २०२४-२५ पासून बदललं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं. ही बातमी गावात पोचली ती "पोरीचं शिक्षन फुकट" एवढीच. म्हणून जरा हिशेब मांडून दाखवतो. समजा कॉलेजची वर्षाची फी ९५ हजार आहे. त्यात शिक्षण शुल्क ८० हजार, परीक्षा शुल्क ३ हजार, विकास शुल्क ८ हजार, बाकी किरकोळ ४ हजार. वरच्या निर्णयानुसार मुलीचे ८३ हजार माफ झाले, १२ हजार तिला भरायचे उरले. शिवाय हॉस्टेल, मेस, बस हे सगळं फीच्या बाहेरचं. तिच्याच वर्गातल्या ओबीसी मुलाला शिक्षण शुल्काचे ४० हजार मिळतील आणि निम्म्याहून जास्त फी घरून जाईल. खासगी व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. कॉलेज सांगतं तो आकडा तिच्याशी जुळतो का ते एकदा बघून घ्या.

आणि एक अट जिच्यात दरवर्षी कुणी ना कुणी फसतो: या योजना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेल्या प्रवेशाला लागू आहेत. गावात एजंट येतो, "नागपुरात सीट देतो, स्कॉलरशिपमध्ये सगळं बसते" म्हणतो, आणि प्रवेश मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो. पुढं पोर्टलवर अर्ज बसतच नाही. तोवर मूळ टीसी कॉलेजात जमा झालेली असते आणि ती सोडवायला पूर्ण वर्षाची फी मागतात.

राहण्या-खाण्याचे पैसे

फीच्या नादात हे कुणी विचारतच नाही. खेड्यातल्या पोरांना फीइतकाच हा खर्च जड जातो.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सरकारी वसतिगृहाला अर्ज केला, पात्र ठरला, पण जागा मिळाली नाही, अशा विद्यार्थ्याला ती लागू होते. नागपूरसारख्या मोठ्या शहरात शिकत असेल तर वर्षाला ६० हजार: भोजनाचे ३२, राहण्याचे २०, निर्वाहाचे ८. अमरावतीसारख्या महापालिकेच्या ठिकाणी ५१ हजार, यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, आणि ओबीसी, भटके-विमुक्तांसाठी अलीकडे ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना सुरू झाली. मात्र ज्यानं वसतिगृहाचा अर्जच केला नाही त्याला स्वाधार मागता येत नाही. "तिथं जागा नसतेच, कशाला भरायचा" असं म्हणून पोरं तो फॉर्म टाळतात आणि इथं अडकतात. जागा नसते हे ठाऊक असलं तरी फॉर्म भरा.

खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे हे भाऊसाहेब, विलायतेत शिकून आले, अमरावतीत शिक्षणसंस्था उभी केली, पुढं देशाचे कृषिमंत्री झाले. त्यांच्याच जिल्ह्यातल्या पोरांना ही योजना माहीत नसते याचं मला दरवेळी नवल वाटतं. तहसीलमधून अल्पभूधारक असल्याचा दाखला काढावा लागतो, सातबारा आणि आठ-अ जोडून. आणि ही योजना फीच्या अर्जासोबत आपोआप मिळत नाही, तिचा अर्ज वेगळा करायचा.

याहून दुर्लक्षित म्हणजे बांधकाम कामगार मंडळाची शिष्यवृत्ती. आपल्याकडे उन्हाळ्यात वावरात काम नसतं तेव्हा कितीतरी माणसं गवंड्याच्या हाताखाली जातात, वर्धा-नागपूरकडे मिस्तरीकाम करतात. वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र असेल आणि मंडळाकडे नोंदणी जिवंत असेल, तर पहिल्या दोन अपत्यांना शिक्षणासाठी मदत मिळते: पदवीला वर्षाला २० हजार, इंजिनीअरिंगला ६० हजार, मेडिकलला १ लाख. मंडळाकडून मिळणारा भांड्यांचा संच आणि पेटी घ्यायला झुंबड उडते, शिष्यवृत्तीचा फॉर्म मागणारा महिन्यातून एखादाच.

बारावीत बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असलेल्या आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या पोरांना केंद्राची शिष्यवृत्ती पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२ हजार देते. ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायची, पण दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ती चालत नाही.

कागद, म्हणजे खरी मेहनत

अर्ज भरायला वीस मिनिटं लागतात. कागद जमवायला एक उन्हाळा.

उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरू करू. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराची सही. याची मुदत ३१ मार्चला संपते. म्हणजे फेब्रुवारीत धावपळ करून काढलेला दाखला जुलैत कामाचा नाही. एप्रिल लागला की काढा, मे संपायच्या आत हातात असू द्या, कारण जूनमध्ये तलाठ्याच्या दारात पीककर्जाची आणि दाखल्यांची गर्दी एकदमच होते. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे आणि उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत ठरलेली आहे. पावतीवर तारीख असते, ती जपून ठेवा. नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे मागास प्रवर्गातलं घर सधन गटात मोडत नाही असा दाखला, हा वेगळा कागद, त्याला तीन वर्षांचं उत्पन्न लागतं. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पोर्टलवर दाखल्याचा बारकोड नंबर टाकला की माहिती आपोआप भरली जाते, तेव्हा जुना हाताने लिहिलेला दाखला असेल तर नवीन काढून घ्या.

इथंच एक सांगतो, माझ्या धंद्यातल्या काहींना आवडणार नाही. जात, उत्पन्न, रहिवास या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही. राज्य सरकारनं २००४ सालीच ते मुद्रांक शुल्क माफ केलं आहे. साध्या कागदावर चालतं. तरी आजही लोक स्टॅम्प व्हेंडरपुढं तास-तास उभे असतात, कारण कुणीतरी "आना" म्हटलं. केंद्रात दरपत्रकाचा फलक लावलेला असतो, त्याहून जास्त कुणी मागत असेल, माझ्यासकट, तर पावती मागा.

आता जात वैधता. यावर जरा थांबतो, कारण जागा हातची जाते ती बहुतेक इथंच. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतो. तो खरा आहे असं जिल्ह्याची पडताळणी समिती सांगते, त्याला वैधता प्रमाणपत्र म्हणतात. आदिवासींसाठी समिती वेगळी असते. राखीव जागेवर व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतला की वैधता लागते. प्रवेशाच्या वेळी समितीकडे अर्ज केल्याची पावती दाखवून तात्पुरतं निभावतं, पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर जागा खुल्या प्रवर्गात धरली जाते, नाहीतर जाते.

समिती जुना पुरावा मागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आणि विदर्भातली खरी गंमत, किंवा डोकेदुखी म्हणा, इथं आहे. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. त्यामुळे पुण्या-साताऱ्याकडच्या माणसानं सांगितलेले कागद इथं सापडत नाहीत. इथं शोधायचे ते दाखल-खारीज रजिस्टर (शाळेत नाव दाखल आणि कमी झाल्याची नोंद), कोतवाल बुक, हक्क नोंदणी, अधिकार अभिलेख. कोतवाल बुकात गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद जातीसकट असायची. आज्याचा जन्म कुठल्या गावचा ते विचारा, त्या गावच्या जुन्या शाळेत जाऊन दाखल-खारीजचा उतारा मागा, तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. पानं जीर्ण झालेली असतात, अक्षर लागत नाही, कधी नोंद हिंदीत असते. एका आज्याचं नाव रजिस्टरात फक्त "गोंड्या" एवढंच सापडलं होतं, बापाचं नाव नाही, आडनाव नाही. मग पणज्याच्या जमिनीच्या कागदावरून नातं जुळवावं लागलं. चार महिने गेले.

घरात कुणाची, वडिलांची, सख्ख्या काकाची, मोठ्या बहिणीची वैधता झालेली असेल तर काम खूप सोपं होतं. वंशावळ जोडायची आणि त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत. म्हणून भाऊबंदकीत वैर असलं तरी काकाकडं एकदा जाऊन या. वावराच्या धुऱ्यावरून अबोला असलेले दोन भाऊ माझ्या केंद्रात वैधतेच्या झेरॉक्सवरून बोलते झालेले मी पाहिले.

वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करता येतो. बारावीच्या निकालानंतर केला तर उशीर झाला असं समजा.

नाव आणि खातं

पोर्टलवर नोंदणी आधारवरून होते. आधारवर, दहावीच्या मार्कशीटवर आणि बँकेत नाव सारखं असायला हवं. आपल्याकडे बापाचं नाव एका ठिकाणी "नामदेव", दुसऱ्या ठिकाणी "नामदेवराव", पोरीच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात कुठं एच जास्त, कुठं कमी. मार्कशीट बदलणं अवघड, आधार दुरुस्त करणं त्यामानानं सोपं. म्हणून आधार मार्कशीटप्रमाणे करून घ्या, आणि आधारला चालू मोबाइल नंबर जोडून घ्या. ओटीपी मामाच्या मोबाइलवर जातो आणि मामा सुरतेला कामाला, हे प्रकरण दर आठवड्याला असतं.

बँकेचं प्रकरण लोकांना सगळ्यात कमी कळतं. बँकवाला म्हणतो "आधार लिंक आहे", पोर्टल म्हणतं "नाही". दोघंही खरं सांगत असतात. बँकेनं तुमच्या खात्याला आधार नंबर जोडला म्हणजे लिंक झालं. पण सरकारी पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, ते आधार क्रमांकावर जातात. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत टाकायचे याची यादी राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडं, एनपीसीआयकडं असते. त्या यादीत एका आधारपुढं एकच बँक असते, आणि शेवटी जिथं संमती दिली ती. याला सीडिंग म्हणतात, आणि असे थेट खात्यात पैसे येण्याला डीबीटी.

एका मुलाचा हप्ता "जमा झाला" असं पोर्टल दाखवत होतं आणि पासबुकात छदामही नव्हता. दोन महिने त्यानं कॉलेजला शिव्या घातल्या. शेवटी आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती पाहिली, तर बँक भलतीच. त्यानं नवीन सिमकार्ड घेताना दुकानात दोनदा अंगठा दिला होता, तेव्हा त्याच्या नावानं एक खातं उघडलं गेलं होतं आणि सीडिंग तिकडं वळलं होतं. पैसे त्या खात्यात सुखरूप पडून होते. तर अर्ज करायच्या आधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग तपासा. बँकेत गेलात तर "लिंक करा" म्हणू नका, "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करा" म्हणा आणि संमतीचा फॉर्म भरून द्या.

अर्ज केल्यावर

पोर्टलवर आधी प्रोफाइल पूर्ण करायची, मग तुम्हाला लागू होणाऱ्या योजना दिसतात. अर्ज सादर झाला की तो कॉलेजच्या लिपिकाकडं, मग प्राचार्यांकडं, मग खात्याकडं जातो. कुठंही त्रुटी निघाली की "सेंट बॅक" होऊन तुमच्याकडं परत येतो. परत आला हे सांगायला घरी कुणी येत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघायचं, युजरनेम-पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचा. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही की वर्ष गेलं. कॉलेजच्या लिपिकाशी संबंध चांगले ठेवा, शंभर अर्जांतून तुमचा उघडणारा तोच असतो. दुसऱ्या वर्षी नवीन अर्ज भरायचा नसतो, नूतनीकरण करायचं. हजेरी ७५ टक्के लागते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक. २०२१ च्या नव्या नियमांनुसार शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. दोन वाटे वेगवेगळ्या वेळी पडतात, म्हणून "पैसे कमी आले" असं वाटतं. त्यातली फीची रक्कम मिळाल्यापासून सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. आता खात्यात एकदम तीस-चाळीस हजार दिसले, तुरीवर अळी आहे, फवारणीचं औषध आणायचं आहे, तर हात तिकडं जाणारच. मी कुणाला दोष देत नाही. पण ती रक्कम कॉलेजची आहे, आणि न भरल्यास परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी गाठ पडते.

बँकेचं कर्ज

यावर थोडंच लिहितो, कारण आमच्याकडं फार कमी लोक तिथवर जातात. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि पदरचा हिस्साही घालावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेमुळं तारणाशिवाय देता येतं. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कोर्स व्यावसायिक किंवा तांत्रिक असेल, तर शिक्षण चालू असतानाचं आणि नंतरच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक वरच्या संस्थांसाठी आहे. तिच्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, थेट मॅनेजरपुढं हात जोडून उभे राहू नका. पोर्टलवरचा अर्ज नाकारायचा तर कारण लिहावं लागतं. अडचण येते ती बापाच्या थकलेल्या पीककर्जाची, कारण शैक्षणिक कर्जात तो सहकर्जदार असतो. तिथं आई किंवा नोकरीतला मामा सहकर्जदार म्हणून चालतो का हे आधीच विचारून घ्यावं.

त्या दिवशीच्या पिशवीकडं परत येतो. उत्पन्नाचा दाखला मुदतबाह्य होता, त्याचा अर्ज तिथंच केला. नॉन-क्रिमिलेयर नव्हताच. पोरीचं सीडिंग बरोबर निघालं, शाळेत असताना मिळालेल्या शिष्यवृत्तीमुळं. वैधतेसाठी काकाच्या मुलाचं प्रमाणपत्र घरातच कपाटात होतं, हे बापाला ठाऊक नव्हतं, पोरीला होतं. प्राचार्यांच्या नावाचा अर्ज मी टाइप करून दिला, पोच कशी मागायची ते तिला दोनदा सांगितलं. कॉलेजनं बारा हजार आणि हमीपत्र घेऊन प्रवेश दिला. ते बारा हजार त्यानं कृषी केंद्रवाल्याकडूनच उसने घेतले, कापसावर.

तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हा अर्ज मंजूर झाल्याचं पोर्टलवर दिसलं. परवा तो पुन्हा आला होता, तीच गोणीची पिशवी. मला वाटलं पोरीचं काही अडलं. त्यानं आतून एकच कागद काढला, शाळेच्या शिक्क्याचा, दाखल-खारीजचा उतारा.

"धाकट्यासाठी हाय," म्हणाला. धाकटा यंदा अकरावीला गेला.